तीन वाजताचं वजन

दुकानात शिरणारा प्रत्येक पुरुष
आधी सगळ्यात मोठ्या चेनसॉकडे जातो.
उचलतो, हुं म्हणतो,
आणि माझ्याकडे न बघता जागेवर ठेवतो.
अंत्सलातल्या या दुकानात सव्वीस वर्षांत
मी बाकी काही शिकलो नसेन,
पण माणूस करवत खाली कशी ठेवतो
यावरून त्याच्या पाठीचं वय सांगतो.

माइमु आली डिसेंबरातल्या एका मंगळवारी.
लोकरी टोपीवर भुसा; म्हणजे सकाळपासून
हातकरवतीशी झटून आलेली.
बाहेर गाडीत कल्यू, काच वर,
उजवा हात मांडीवर
कुणी सांभाळायला दिल्यासारखा.

"वादळानं चाळीस स्प्रूस आडवे केलेत," ती म्हणाली,
"थोडे बर्चही. वसंताआधी उचलले नाहीत
तर सालीखाली किडे संसार मांडतील.
त्याची करवत मला उचलत नाही.
म्हणजे उचलते,
पण मग कापायला मी उरत नाही."

मी छोटी दाखवली. पस्तीस सीसी, चार किलो.
पातीच्या कांद्याची जुडी तोलावी तशी तिनं तोलली.
"फांद्या छाटेल ही. बुंध्यात शिरली की रडेल,
आणि मी दुप्पट वेळ वाकलेली.
वाकून राहण्याचंही वजन असतंच की."

मग मधली. पन्नास सीसी, पंधरा इंची बार.
"पाच किलो," मी म्हणालो.
"केव्हा?"
"केव्हा म्हणजे?"
"सकाळी नऊला, की दुपारी तीनला?"

कॅटलॉग काढला. तळाशी मुंगीएवढी अक्षरं:
बार सोडून, साखळी सोडून, टाकी रिकामी.
कुणीतरी उबदार खोलीत,
कोरड्या टेबलावर मोजलेले पाच किलो.
गुडघाभर बर्फ त्यात नाही,
ओले हातमोजे नाहीत,
तीनला जंगलात उतरणारा अंधार नाही.

बार चढवला, साखळी चढवली,
पेट्रोल भरलं, तेल भरलं,
खिळे मोजायच्या काट्यावर ठेवली:
सहा किलो सातशे.
तिनं कोट काढला आणि ती हातात घेतली.
कमरेशी. मग आडवी, फांदी छाटायच्या पवित्र्यात.
मधे एकाला उंदराचे सापळे दिले,
एकाशी बिजागऱ्यांवरून हुज्जत घातली;
ही उभीच.
शेवटी पुढच्या दांड्याखाली दोन बोटं धरून
करवत लोंबकळती सोडली. तोंड किंचित खाली झुकलं.
"खाली बघून चालायची सवय दिसते," ती म्हणाली,
"जमेल आमचं."

त्याच पैशात अठरा इंची बार देऊ केला.
नको म्हणाली.
"सगळा भार नाकावर जाईल."

बाहेर कल्यूनं काच दोन बोटं उतरवली.
"लहान आहे."
"मीही आहे," ती म्हणाली.
तो मुकाट उतरला.
बर्फात ठेवलेल्या करवतीच्या मागच्या मुठीत
डावा बूट रोवून उभा राहिला,
आणि तिनं दोरी ओढली.
एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा निळा धूर आणि तो आवाज,
पाइनांवरचे कावळे उठवणारा.
कल्यू डोळे मिटून ऐकत होता,
खोकल्यावरून घरातलं माणूस ओळखावं तसा.
"चोक बंद कर," म्हणाला.
एवढंच.

मार्चच्या शेवटी ती पुन्हा आली,
तळहाताला घट्टे, गालाला ऊन लागलेलं.
मी विचारलं, "तीन वाजता किती भरते?"
"अकरा," ती म्हणाली, जरा विचार करून.
"मोठी असती तर वीस भरली असती."
"आणि छोटी?"
"छोटी असती तर मी अजून तिथंच असते."

साखळीला धार लावायची कानस हवी होती.
"डाव्या हाताची दे."
"कानशीत डावं-उजवं नसतं, माइमु."
"माहीत आहे," ती आवाज खाली आणून म्हणाली,
आणि गाडीकडे नजर टाकली.
"पण तो विचारेल. तेव्हा तू तसं सांग."